धावतंत्राच्या जागेवरील कवायती

धावतंत्राच्या जागेवरील कवायती म्हणजे १००, २०० व ४०० मीटर आणि अडथळ्यांच्या शर्यतींतील धावपटूला पायांची अचूक हालचाल शिकवण्यासाठी एकाच जागी उभे राहून, भिंतीचा अथवा खांबाचा आधार घेऊन किंवा अगदी थोड्या अंतरात करून घेतले जाणारे सराव होत. मैदानावर त्यांना सर्रास 'ड्रिल' म्हटले जाते. पूर्ण वेगाने धावताना पाय जमिनीला जेमतेम सेकंदाचा दहावा भाग टेकलेला असतो. एवढ्या वेळात धावपटूला आपल्या चुकीची जाणीव होत नाही आणि प्रशिक्षकाला ती नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. म्हणून धावण्याच्या क्रियेचे तुकडे करून ते संथ गतीने शिकवण्याची पद्धत रूढ झाली. या कवायतींना धावपट्टी, महागडी साधने किंवा मोठे मैदान लागत नाही. त्यामुळे जळगाव जिल्ह्यातील यावलसारख्या ग्रामीण तालुक्यांत शालेय स्पर्धांची आणि पोलीस भरतीची तयारी करणाऱ्यांसाठी त्या विशेष उपयुक्त ठरतात.

इतिहास

आज जगभर प्रचलित असलेल्या 'ए', 'बी' आणि 'सी' या कवायतींची मांडणी पोलंडचे प्रशिक्षक गेरार्ड माख यांच्या नावाशी जोडली जाते. माख स्वतः ४०० मीटरचे धावपटू होते. पुढे ते पोलंडच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले आणि १९७० च्या दशकात कॅनडाला गेले. तेथून ही पद्धत इंग्रजी भाषक देशांत पसरली. पोलंडच्या कडक हिवाळ्यात मैदाने बर्फाखाली जात आणि धावपटूंना इमारतींमधील अपुऱ्या जागेत सराव करावा लागे. थोड्या जागेत धावण्याचे स्नायू तयार ठेवण्याच्या या गरजेतून कवायतींना आकार आला.

माख यांनी धावण्याच्या क्रियेचे तीन भाग केले. 'ए' मध्ये गुडघा उचलण्यावर भर असतो. 'बी' मध्ये उचललेल्या गुडघ्यापासून नडगी पुढे उलगडून पाय खाली आणला जातो. 'सी' मध्ये जमीन मागे रेटण्याच्या क्रियेवर लक्ष दिले जाते. प्रत्येक भाग चालत, उसळत आणि धावत अशा तीन पायऱ्यांनी करायचा असतो. माख यांचा मूळ हेतू तंत्र शिकवण्यापेक्षा धावण्याच्या विशिष्ट स्थितीत स्नायूंची ताकद वाढवण्याचा होता. पुढील काळात अनेक ठिकाणी हा हेतू मागे पडला आणि कवायती केवळ अंग तापवण्याचा एक ठराविक भाग बनल्या.

भारतात पतियाळा येथील नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेची स्थापना १९६१ मध्ये झाली. तेथील पदविका घेतलेल्या प्रशिक्षकांमार्फत मैदानी खेळांचे शास्त्रीय प्रशिक्षण राज्याराज्यांत पोहोचले.

पायांच्या हालचालीचे शास्त्र

धावण्याचा वेग ढांगेची लांबी आणि दर सेकंदाला पडणाऱ्या ढांगांची संख्या यांच्या गुणाकाराइतका असतो. २ मीटरची ढांग आणि सेकंदाला ४ ढांगा असतील तर वेग सेकंदाला ८ मीटर होतो. या वेगाने १०० मीटर अंतर कापायला १२.५ सेकंद लागतात. उसेन बोल्टने १६ ऑगस्ट २००९ रोजी बर्लिन येथे ९.५८ सेकंदांचा विश्वविक्रम केला तेव्हा त्याच्या सुमारे ४१ ढांगा पडल्या होत्या. त्या धावेत त्याची सरासरी ढांग सुमारे २.४४ मीटर होती आणि सेकंदाला साधारण ४.३ ढांगा पडत होत्या.

ढांगेचे दोन टप्पे मानले जातात. पाय जमिनीला टेकलेला असतो तो आधाराचा टप्पा आणि पाय हवेत असतो तो झुलण्याचा टप्पा. झुलण्याच्या टप्प्यात जमीन सोडलेली टाच नितंबाखाली दुमडली जाते. दुमडलेला पाय आखूड लंबकासारखा वेगाने पुढे येतो, मांडी वर उचलली जाते आणि नंतर पाय झपाट्याने खाली आणून चवड्यावर टेकवला जातो. पाय पूर्ण न दुमडता पुढे आणला तर तो लांब लंबकासारखा जड होतो आणि पुढची ढांग उशिरा पडते.

पाय नेमका कोठे टेकतो यालाही महत्त्व आहे. पूर्ण वेगात तो शरीराच्या गुरुत्वमध्याच्या थोडाच पुढे पडावा लागतो. फार पुढे पडल्यास जमिनीची प्रतिक्रिया धावपटूला मागे ढकलते आणि प्रत्येक ढांगेला ब्रेक लागतो. अमेरिकन संशोधक पीटर वेयंड व सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, वेगवान आणि संथ धावपटूंना हवेतील पाय पुढे आणायला जवळपास सारखाच वेळ लागतो. खरा फरक जमिनीवर दिल्या जाणाऱ्या बलात असतो. वेगवान धावपटू कमी वेळात अधिक बल जमिनीला देतात. याच गटाच्या पुढील अभ्यासांत निष्णात धावपटू हे बल पाय टेकल्याच्या पहिल्या अर्ध्या भागातच मोठ्या प्रमाणात निर्माण करतात, असेही दिसले. त्यामुळे गुडघा उंच उचलण्याचा उपयोग मुख्यतः पायाला खाली झेपावण्यासाठी पुरेसे अंतर मिळावे यासाठी होतो. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत रौप्यपदक मिळवणारे राल्फ मान यांनी पुढे धावण्याच्या गतिशास्त्राचा अभ्यास केला. पायाची हालचाल शरीराच्या मागे रेंगाळू न देता पुढच्या बाजूला ठेवावी, या विचाराचे ते प्रमुख पुरस्कर्ते मानले जातात.

प्रमुख कवायती

भिंतीची कवायत: धावपटू दोन्ही तळहात खांद्याच्या उंचीवर भिंतीला टेकवून पुढे झुकतो. टाचेपासून डोक्यापर्यंत शरीर एका सरळ रेषेत असावे लागते. एक गुडघा कमरेच्या उंचीपर्यंत उचलून चवडा नडगीकडे ओढला जातो आणि ही स्थिती काही सेकंद टिकवली जाते. नंतर खुणेसरशी पायांची एक अदलाबदल, मग सलग दोन, मग तीन, आणि शेवटी ५ ते ६ सेकंद सलग अदलाबदल केली जाते. शर्यतीच्या पहिल्या काही ढांगांत शरीर पुढे झुकलेले असते. त्या स्थितीत जमीन मागे आणि खाली कशी ढकलावी हे या कवायतीतून कळते.

जागेवरील 'ए' चाल: ताठ उभे राहून एकेक गुडघा उचलला जातो. टाच मागे न फेकता सरळ वर, दुसऱ्या पायाच्या गुडघ्यावरून ओलांडावी, अशी सूचना दिली जाते. पाय जेथून उचलला तेथेच, शरीराखाली, चवड्यावर परत येतो. टेकलेला पाय खुब्यात आणि गुडघ्यात सरळ राहिला पाहिजे. चाल जमल्यावर हीच क्रिया उसळीने आणि नंतर जलद गतीने केली जाते.

पायाचे चक्र: धावपटू एका हाताने खांब किंवा भिंत धरून एका पायावर उभा राहतो आणि दुसरा पाय पूर्ण चक्रात फिरवतो. टाच वर, गुडघा पुढे, नडगी उलगडणे आणि पाय खाली आणणे हा क्रम प्रथम अतिशय सावकाश केला जातो. ही 'बी' कवायतीची जागेवरील आवृत्ती होय. नडगी मुद्दाम पुढे झटकणे टाळावे लागते, कारण तीच सवय धावताना लागली तर पाय शरीराच्या फार पुढे पडतो.

टाच उचलण्याची कवायत: यात टाच नितंबाकडे जलद आणली जाते. मांडी खाली लोंबती ठेवून टाच मागे मारणे हा तिचा सर्वाधिक आढळणारा चुकीचा प्रकार आहे. टाच वर येताना गुडघाही थोडा पुढे आला, तरच ही हालचाल धावण्याशी जुळते.

घोट्याच्या उसळ्या: गुडघे जवळपास सरळ ठेवून चवड्यांवर लहान आणि चपळ उसळ्या मारल्या जातात. जमिनीला कमीत कमी वेळ टेकणे आणि टाच खाली कोसळू न देणे हा उद्देश असतो. यामुळे पोटरी व घोट्यामागील स्नायुबंध स्प्रिंगप्रमाणे काम करू लागतात.

हातांची कवायत: पाय लांब करून जमिनीवर बसून किंवा उभे राहून हातांची आंदोलने केली जातात. हात पुढे हनुवटीच्या उंचीपर्यंत आणि मागे कमरेच्या पलीकडे जातो. हात व विरुद्ध बाजूचा पाय यांची लय एकच असल्याने हात आखडले की ढांगही आखडते.

अडथळ्याची कवायत: अडथळ्यांच्या शर्यतीत मागच्या पायाची हालचाल वेगळी असते. भिंतीसमोर अडथळा ठेवून, भिंतीला हात टेकवून मागचा पाय बाजूने वर आणून पुढे काढण्याचा सराव केला जातो.

प्रशिक्षणाची पद्धत

या कवायती अंग तापवल्यानंतर आणि मुख्य धावण्यापूर्वी, म्हणजे शरीर ताजे असताना, करून घेतल्या जातात. सर्वसाधारणपणे प्रत्येक कवायतीची ६ ते १० सेकंदांची दोन किंवा तीन आवर्तने आणि त्यांमध्ये पुरेशी विश्रांती, असा क्रम असतो. आकार बिघडू लागताच कवायत थांबवली जाते, कारण थकलेल्या अवस्थेतील आवर्तने चुकीची सवय पक्की करतात. एका सत्रात सातआठ कवायती उरकण्याऐवजी दोन किंवा तीन नीट करणे अधिक फलदायी मानले जाते.

शिकवण्याचा क्रम स्थिर स्थितीकडून गतीकडे जातो. प्रथम योग्य स्थिती टिकवणे, मग एक अदलाबदल, मग सलग हालचाल, त्यानंतर चालत, उसळत आणि शेवटी २० ते ३० मीटर धावत. जागेवर शिकलेली हालचाल लगेच धावण्यात उतरवली नाही, तर ती कवायतीपुरतीच राहते.

सूचनांची भाषाही महत्त्वाची असते. 'मांडीचा स्नायू आवळ' यासारखी शरीराच्या भागाकडे लक्ष वेधणारी सूचना हालचाल जड करते. 'जमीन मागे ढकल', 'तापलेल्या तव्यावरून पाय उचल', 'डोक्यावर दोरी बांधून कोणी वर ओढते आहे' अशा बाहेरच्या परिणामाकडे नेणाऱ्या सूचनांनी हालचाल सहज होते. हालचालींच्या शिक्षणावरील संशोधनातही अशा सूचना बहुधा अधिक परिणामकारक ठरल्या आहेत. एका वेळी एकच सूचना द्यावी, असा संकेत आहे.

निरीक्षण प्रामुख्याने बाजूने, कमरेच्या उंचीवरून केले जाते. समोरून पाहिल्यास गुडघे आत वळणे किंवा हात छातीसमोर आडवे जाणे हे दोष दिसतात. मोबाइलच्या साध्या चित्रीकरणात सेकंदाला ३० चौकटी असतात. पाय ०.१ सेकंद टेकला तर त्यातल्या जेमतेम ३ चौकटी मिळतात. सेकंदाला २४० चौकटी टिपणाऱ्या संथ चित्रीकरणात तोच क्षण २४ चौकटींत पाहता येतो. त्यामुळे साध्या मैदानावरही चुकीचे नेमके ठिकाण शोधणे शक्य झाले आहे.

नेहमीच्या चुका

• धड मागे रेलणे: गुडघा अधिक उंच नेण्याच्या नादात कंबर खाली बसते आणि पाठ मागे जाते. गुडघ्याची उंची कमी करून आधी ताठ उभे राहणे शिकवावे लागते.

• चवडा लोंबता राहणे: पाय हवेत असताना बोटे खाली झुकली की पाय टोकावर टेकतो आणि घोटा खचतो. चवडा नडगीकडे ओढून ठेवण्याचा सराव चालतानाच दिला जातो.

• टेकलेल्या पायाकडे दुर्लक्ष: सर्वांचे लक्ष उचललेल्या गुडघ्याकडे जाते, पण बल टेकलेला पाय देत असतो. तो गुडघ्यात वाकला तर कवायतीचा अर्धा उपयोग संपतो.

• केवळ घाई: पावलांची संख्या वाढवण्यासाठी गुडघे अर्ध्यातच खाली आणले जातात. आवाज जास्त आणि उचल कमी, ही त्याची खूण.

दुखापती आणि खबरदारी

वेगवान धावण्यातील सर्वांत त्रासदायक दुखापत मांडीच्या मागील स्नायूंची, म्हणजे हॅमस्ट्रिंगची असते. ती बहुधा झुलण्याच्या टप्प्याच्या अखेरीस, पुढे उलगडलेली नडगी थोपवताना होते. पाय शरीराच्या फार पुढे टाकण्याची सवय असलेल्या धावपटूच्या या स्नायूंवर ताण वाढतो. धावतंत्रातील सुधारणेला या कारणानेही महत्त्व आहे. मात्र केवळ कवायतींनी संरक्षण मिळत नाही. गुडघ्यांवर बसून धड सावकाश पुढे नेण्याचा 'नॉर्डिक' व्यायाम आणि नियमितपणे वेगाने धावणे यांची जोड आवश्यक असते.

कठीण फरशीवर किंवा सिमेंटवर अनवाणी उसळ्या मारल्यास नडगीदुखी उद्भवू शकते. वाढीच्या वयात, साधारण ११ ते १५ वर्षांदरम्यान, गुडघ्याखालील हाडाच्या उंचवट्याजवळ दुखणे सुरू होऊ शकते. त्यास ऑसगुड-श्लाटर विकार म्हणतात. अशा मुलांच्या उसळ्या कमी करून वैद्यकीय सल्ला घेणे इष्ट असते. झपाट्याने उंची वाढत असताना पूर्वी जमणारी हालचाल काही काळ बिघडते. तो आळस नसून वाढीचा परिणाम असतो.

मर्यादा आणि मतभेद

या कवायतींच्या उपयोगाबद्दल प्रशिक्षकांत एकमत नाही. कवायत उत्तम करणारा धावपटू वेगवान असतोच असे नाही आणि अनेक वेगवान धावपटूंच्या कवायती साधारण असतात. जागेवर उभे असताना पुढे जाण्याचा वेग शून्य असतो. त्यामुळे पाय गुरुत्वमध्याच्या किती पुढे टेकतो, हा धावण्यातील कळीचा प्रश्न तेथे उद्भवतच नाही. पाय टेकण्याचा वेळ व जमिनीवर दिले जाणारे बलही प्रत्यक्ष धावण्यापेक्षा वेगळे असते. भिंतीच्या कवायतीत हात अडकलेले असल्याने हातापायांची जोड तुटते.

टीकाकारांच्या मते गुडघ्याची उंच उचल हा चांगल्या धावण्याचा परिणाम आहे, कारण नव्हे. म्हणून पूर्ण वेगाच्या छोट्या धावा हाच खरा तंत्राचा सराव होय. समर्थकांच्या मते शरीराची योग्य स्थिती कशी वाटते हे नवशिक्याला एकदा शांतपणे कळणे आवश्यक असते आणि स्थिर कवायतीत ते कळते. दोन्ही बाजूंना मान्य असलेला निष्कर्ष असा की, जागेवरील कवायती धावण्याच्या जोडीला असाव्यात, त्याऐवजी नसाव्यात.

महाराष्ट्रातील संदर्भ

महाराष्ट्राला वेगवान धावण्याची परंपरा आहे. १९५१ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत मुंबईच्या लेव्ही पिंटो यांनी १०० आणि २०० मीटर या दोन्ही शर्यतींत सुवर्णपदके मिळवली. ११० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत सिद्धांत थिंगलाया याचा २०१७ मधील १३.४८ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम महाराष्ट्राच्याच तेजस शिरसे याने मे २०२४ मध्ये फिनलंडमधील युवास्क्युला येथे १३.४१ सेकंद वेळ नोंदवून मोडला. पुण्याजवळील बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात जुलै २०१३ मध्ये आशियाई ॲथलेटिक्स स्पर्धा झाली होती.

खो-खोमुळे राज्यातील अनेक मुलांना जलद सुरुवातीची सवय लहानपणीच लागते. चौकात बसलेला खेळाडू 'खो' मिळताच बैठ्या स्थितीतून झेपावतो. ही झेप धावण्याच्या सुरुवातीला उपयोगी पडते. पण खो-खोतील ढांगा आखूड आणि वळणाच्या तयारीत असलेल्या असतात. खो-खोतून १०० मीटरकडे वळणाऱ्या खेळाडूला ताठ होऊन गुडघा पुढे आणणे वेगळे शिकवावे लागते.

खानदेश आणि यावल परिसर

यावल हा जळगाव जिल्ह्यातील तालुका सातपुडा पर्वत आणि तापी नदी यांच्या दरम्यान वसलेला आहे. केळीच्या बागांना मानवणारी येथील काळी माती धावण्यासाठी मात्र अवघड असते. पावसाळ्यात ती फुगून चिकट होते, तर उन्हाळ्यात कडक होऊन तिला भेगा पडतात. भेगाळलेल्या जमिनीवर पूर्ण वेगाने धावल्यास घोटा मुरगळण्याचा धोका असतो. उन्हाळ्यात जळगाव परिसरातील तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जात असल्याने मैदानावरील सराव पहाटेपुरता आणि उन्हे उतरल्यानंतरच शक्य होतो. पोलंडमध्ये बर्फामुळे जी अडचण होती, तीच येथे पाऊस आणि ऊन यांमुळे उद्भवते. त्यामुळे शाळेचा व्हरांडा किंवा समाजमंदिराचा ओटा यांसारख्या जागी होऊ शकणाऱ्या कवायतींचे मोल वाढते. शालेय स्पर्धांचा मोसम पावसाळ्यातच सुरू होतो. नेमक्या त्याच काळात मातीची मैदाने वापरण्याजोगी नसतात.

शालेय क्रीडा स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत तालुका, जिल्हा, विभाग व राज्य या पायऱ्यांनी होतात. जळगाव जिल्हा नाशिक विभागात मोडतो. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत तडवी, पावरा आदी आदिवासी समाजांची वस्ती आहे. त्यांच्या मुलांसाठीच्या आश्रमशाळा यावल येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाच्या अखत्यारीत येतात. आश्रमशाळांच्याही स्वतंत्र क्रीडा स्पर्धा होतात. महाविद्यालयीन पातळीवर कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा असतात.

तालुका पातळीवर अनवाणी आणि मातीवर धावलेली मुले वरच्या पातळीवर प्रथमच स्पाईकचे बूट घालून सिंथेटिक धावपट्टीवर उतरतात. मातीत पाय रुतत असल्याने अशा मुलांना जमीन अधिक वेळ रेटण्याची सवय झालेली असते. कृत्रिम धावपट्टी मात्र पाय लगेच परत फेकते. घोट्याच्या उसळ्या आणि जलद 'ए' कवायती टणक पण दाबली जाणारी जागा निवडून आधीपासून केल्यास हा बदल सुसह्य होतो.

पोलीस भरतीची तयारी

ग्रामीण भागातील अनेक तरुणांसाठी १०० मीटर धावण्याचा संबंध पदकापेक्षा नोकरीशी असतो. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीची शारीरिक चाचणी ५० गुणांची असते. त्यात पुरुषांसाठी १६०० मीटरला २०, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५ गुण असतात. महिलांसाठी १६०० ऐवजी ८०० मीटर धावणे असते आणि गुणांची विभागणी तीच राहते. वेळेच्या पट्ट्यांनुसार गुण दिले जात असल्याने सेकंदाच्या छोट्या अंशाने पट्टा बदलतो आणि काही गुण जातात.

या तयारीत रोज लांब अंतर धावण्यावर भर राहतो आणि १०० मीटरकडे दुर्लक्ष होते. महिनोन्‌महिने संथ धावलेल्या उमेदवाराने चाचणी जवळ आल्यावर एकदम पूर्ण वेगाने धावायला घेतले, तर मांडीचा मागील स्नायू दुखावण्याचा धोका मोठा असतो. ही दुखापत बरी व्हायला काही आठवडे लागू शकतात आणि तेवढ्यात चाचणीची तारीख निघून जाते. भरती दरवर्षी ठराविक काळाने निघेलच याची खात्री नसते आणि वयोमर्यादाही असते. म्हणून अशा उमेदवारांनी सुरुवातीपासूनच आठवड्यातून दोन दिवस कवायती आणि त्यांना जोडून २० ते ४० मीटरच्या वाढत्या वेगाच्या धावा ठेवणे सुरक्षित ठरते.

हे सुद्धा पहा

• मैदानी खेळ
• १०० मीटर धावणे
• अडथळ्यांची शर्यत
• खो-खो
• यावल तालुका